किमान ऐंशी किलोमीटर

शेवटची यष्टी उदगीरहून साडेसहाला सुटायची
आणि दहावीचा निरोप समारंभ सुरूच व्हायचा सातला.
म्हणून कुठल्याच वर्षीच्या फोटोत
गावाकडच्या पोरी नाहीत.
दुसऱ्या दिवशी बाई आम्हाला
उरलेल्या चिवड्याच्या पुड्या द्यायच्या.

आम्रपाली म्हणाली, गाडी करू.
लग्नाला करतात तशी. डायवरसकट.

दस्तगीरमामाची पांढरी तवेरा.
किलोमीटरला आठ रुपये, भत्ता शंभर,
“आणि किमान ऐंशीचे पैसे.
फिरा नाहीतर गाडीत बसून राहा, ऐंशीचे द्यावेच लागतील.”
सहा जणींत एकशे तेवीस रुपये, वर चिल्लर.
झीनतने साड्यांना फॉल लावून जमवले,
सत्वशीलाने शिष्यवृत्तीतून काढले.
मी कुठून आणले
ते तेव्हाही सांगितलं नव्हतं, आताही राहू द्या.

झीनतच्या खालाकडे आम्ही साड्या नेसलो.
तिथून सभागृह सातशे पावलं.
सातशे पावलांसाठी गाडी दारात,
बॉनेटवर सकाळच्या लग्नाची गुलाबं,
मागच्या काचेवर थर्माकोलचं अर्धं नाव, ‘…राज’,
बाकीचं वाऱ्याने नेलेलं.
मामाने टाय बांधला होता. कुणी सांगितलं नव्हतं.
“ऐंशीतलं एक बी नाही झालं,” तो म्हणाला
आणि आम्हाला किल्ल्यापर्यंत नेऊन आणलं उगाचच.
खिडक्या खाली. फेब्रुवारीची थंडी.
केसांतली पिनं पिनेला लागून टकटक वाजत होती.

समारंभाचं फार आठवत नाही.
मुख्याध्यापक रडले, माईक शिटी मारत राहिला,
आम्ही फोटोत आलो. मागच्या रांगेत, पण आलो.

मग परतीचा रस्ता.
उसाच्या ट्रॉल्या, त्यांना लाल दिवा नाही,
मामा शिव्या देताना आमच्याकडे बघून अर्ध्यात थांबायचा.
प्रत्येक दारापुढे हॉर्न एकदाच,
दिवे चालू,
आतला बल्ब लागेपर्यंत गाडी जागची हलायची नाही.
देवर्जन झालं. पुन्हा उलटं फिरून वाढवणा पाटी.
एकेक पोर उतरली की सीट मोठी होत जायची.
शेवटी मी, मामा, आणि
ओल्या गजऱ्यांचा वास.

बापाला निरोपाचा निरोप धाडला होता
दूधवाल्याबरोबर.
तो पोचलाच नव्हता.

हाळीच्या अलीकडे आमच्या फाट्यावर
बाप बॅटरी घेऊन उभा. आठ वाजल्यापासून, नंतर कळलं.
त्याने काय पाहिलं असेल:
रात्रीचे साडेदहा,
फुलं लावलेली पांढरी गाडी,
काचेवर कुणाचंतरी ‘राज’,
आणि वहिनीच्या मोरपंखी साडीत उतरणारी मी.

बॅटरी माझ्या तोंडावर. मग गळ्यावर, थांबली तिथे.
मग खाली, पायांच्या बोटांवर.
मला शब्द फुटेना.
मामा उतरला, टाय सरळ केला,
डॅशबोर्डमधून पावतीबुक काढलं
आणि बॅटरीच्याच उजेडात लिहिलं.
बापाने अक्षराला अक्षर लावून मोठ्याने वाचलं:
प्रवासी सहा. शाळा ते घर.
कारण: निरोप.

“किती झाले?”
“पोरींनी भरलेत.”
“मीटर किती झालं म्हणतो.”
मामाने आत वाकून पाहिलं.
ब्याण्णव झाले होते, मी बघत होते.
“ऐंशीच्या आतच,” मामा म्हणाला.

बापाने पावती घडी करून
बंडीच्या आतल्या खिशात ठेवली,
जिथे तो फक्त सातबारा आणि औषधाची चिठ्ठी ठेवायचा.
बॉनेटवरची एक पाकळी नखाने सोडवली,
बघितली, टाकून दिली.
“चल. भाकर झाकून ठेवलीय.”

गाडी वळायला त्या बोळात जागा नव्हती.
मामा रिव्हर्समध्येच गेला पार डांबरीपर्यंत,
दिवे आमच्याकडे तोंड करून.
त्या उजेडात आम्ही दोघं दारापर्यंत चाललो,
आमच्या सावल्या आमच्या पुढे, लांब,
माझी साडीतली.

वरच्या बारा किलोमीटरचे शहाण्णव रुपये होतात.
मी हिशेब केलाय. बऱ्याचदा.